दहा पस्तीस ते साडेबारा

केंद्राच्या नोटीसबोर्डावर त्या सकाळी दोन कागद लागले होते, आणि पहिला वाचून ती तशीच कामाला पळाली असती तर बरं झालं असतं. पहिला कागद पगारवाढीचा होता. सरकारी खर्चानं घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांचं करणाऱ्या सगळ्या सेविकांचं किमान वेतन एक तारखेपासून वाढलं, आणि एका घरातून दुसऱ्या घरी जायला लागणारा वेळही यापुढे कामात धरला जाणार, असं त्यात कोरड्याठाक भाषेत लिहिलं होतं. अकरा वर्षं ती त्या वाटांवरून फुकट धावली होती. इतकी धावली होती की बाकीच्या बायका तिला वावटळ म्हणायच्या. आज त्याच बायका बोर्डापुढे एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या, एकजण कागदाला बोट लावून तिसऱ्यांदा वाचत होती, दुसरी म्हणत होती, "अगं, शाई वाळलीय का बघ आधी, नाहीतर पुसून टाकतील." ती पण हसली. आणि हसता हसता तिची नजर शेजारच्या कागदावर गेली. हातानं लिहिलेल्या पत्राची ती प्रत होती, अक्षर तिरकं, घाईतलं. 'माझ्या आईच्या शेवटच्या दिवशी आपल्या सेविका ठरलेल्या वेळेनंतरही तिच्यापाशी थांबल्या. त्यांची वेळ अकराला संपत होती. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंनी साडेबारापर्यंत आईच्या बोलण्याचा आणि हसण्याचा आवाज ऐकला. त्या दीड तासाचा मोबदला त्यांना कोणी दिला नाही, आणि तो मागावा असं त्यांच्या मनातही आलं नसेल.' खाली सही होती, ती रोज दहा वाजता ज्यांच्या घरी जायची त्या आजींच्या मुलीची. तिनं ते पुन्हा वाचलं. त्यातल्या वेळांवर बोट ठेवून पाहिलं. कारण त्या दिवशी ती दहा पस्तीसला तो जिना उतरली होती.

"वाचलंस का?" मागून वेळापत्रकबाई आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले. वेळापत्रकबाई म्हणजे केंद्राच्या पर्यवेक्षिका. कोणी कुठल्या घरी किती वाजता जायचं हे त्या ठरवायच्या, म्हणून ते नाव पडलं होतं आणि ते त्यांना माहीतही होतं. "मुद्दाम तुला सांगितलं नव्हतं. वेतन समितीपुढं मी हेच पत्र वाचलं. अगं, मान खाली घालून बसले होते सगळे. एक तर चष्मा पुसत होता. तुझ्यामुळं झालं बघ हे निम्मं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि हे बघ, ती मुलगी आलीय. आईचं घर आवरतेय. तुला भेटायचंय म्हणून दोनदा फोन आला. बसचालक आजोबांचं झालं की जाऊन ये. जायचा वेळ कामात धरते मी, आता आपलं राज्य आहे." त्या स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसल्या. तिनं मान हलवली. बाई, मी तिथं नव्हतेच, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं, पण आजूबाजूला सगळ्याजणी होत्या, एकीनं बिस्किटांचा पुडा फोडला होता, तिनं एक बिस्किट घेतलं आणि ते तोंडात धरूनच ती बाहेर पडली.

रस्त्यावर ती नेहमीच्याच वेगानं चालू लागली, मग लक्षात आलं की आज धावायचं कारण नाही, तरी पाय ऐकेनात. साडेबारापर्यंत. कोणाशी बोलत होत्या आजी? रेडिओशी? रेडिओ तीच लावून आली होती. हे आता नीट सांगितलं पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला ते कळायचं नाही. दिवसाला सहा घरं. घराला एक तास. घराघरांत पंधरा-वीस मिनिटांची पायपीट, आणि तिला कार्डावर जागाच नाही. कार्डावर दोन रकाने, आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ, आणि घराघरांतलं अंतर जणू सेविका उडत पार करतात. मग काय करायचं? जी ती आल्या आल्या दोन्ही रकाने भरून टाकायची, आणि प्रत्येक तासातून पंधरा-वीस, कधी पंचवीस मिनिटं उचलायची. उचललेली ती मिनिटं रस्त्याला घालायची. चोरी वगैरे काही कोणाच्या मनात नव्हतं हो. मुंग्यांसारख्या त्या आपल्या हाताला लागेल ते ओढत होत्या. पण म्हाताऱ्या माणसांना निघते म्हटलेलं सहन होत नाही. हात धरून ठेवतात, नेमकं तेव्हाच दुखायला लागतं, एखादीला रडू फुटतं. पहिल्याच आठवड्यात एका जुन्या सेविकेनं तिला शिकवलं होतं, "निघते म्हणून कधी सांगायचं नाही, पोरी. स्वयंपाकघरात रेडिओ बारीक लावायचा, दिवा चालू ठेवायचा, 'आहे मी इथंच' म्हणायचं आणि दार ओढून घ्यायचं. माणूस आत आहे एवढं कळलं की त्यांना डुलकी लागते. जागे होईतो जेवायची वेळ होते, मग कोण कशाला विचारतंय." अकरा वर्षं ती रोज पाच-सहा वेळा हे वाक्य बोलत आली होती. इतकं जिभेवर बसलं होतं की घरी झोपेत असताना नवऱ्यानं कूस बदलून हाक मारली तरी ती म्हणायची, आहे मी. तो चिडवायचा, "माहीत आहे गं, कुठं जाणारेस?"

बसचालक आजोबांच्या घरी तिनं आज कार्ड भरलंच नाही. पेन टेबलावर तसंच ठेवलं. आजोबांची दाढी करायचा वार होता. गालाला साबण लावून घेता घेता त्यांचं तोंड सुरू होतं, बातमी त्यांनी सकाळीच ऐकली होती. "आता तू श्रीमंत झालीस. गरिबाला ओळख दाखवशील ना?" "हलू नका आजोबा, कापेल." "बत्तीस वर्षं गाडी चालवली, कोणाला ओरखडा आला नाही. तूही सांभाळ." वस्तरा हनुवटीखाली नेताना तिचा हात थांबला. आतल्या स्वयंपाकघरात कोणीतरी होतं. भांडं सरकवल्यासारखं झालं, मग शांत. गेले दोन महिने हे असंच चाललं होतं. कुठल्याही घरी असली की आतल्या खोलीत कोणीतरी वावरतंय असं वाटायचं. ती आजींना शोधायची. म्हणजे मनात, भीतभीत. मेलेलं माणूस दिसतं म्हणतात, तर दिसू दे एकदा, पाया पडून मोकळं व्हावं. पण आत आजी कधीच नसायच्या. आणि आज, आजोबांच्या सुरकुतलेल्या गळ्यावरचा साबण पुसताना, तिला एकदम कळलं की आत जी कोणी होती ती आजी नव्हेच. ती स्वतःच होती ती. आजींच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी साडेबारापर्यंत जी उभी होती, जिच्याशी आजी बोलत होत्या, जी हो म्हणत नव्हती, ना म्हणत नव्हती, पाणी आणत नव्हती, उचलत नव्हती. ती अजून तिथंच होती. तिला कोणी जायला सांगितलं नव्हतं. ती टॉवेल धरून स्वयंपाकघराच्या दाराकडंच बघत राहिली. आजोबा आरशात बघत म्हणाले, "काय गं, बरं नाही का?" "बरं आहे." "मग निघ, तुझी वेळ झाली." "अजून वीस मिनिटं आहेत आजोबा." आजोबांनी तिच्याकडं असं पाहिलं की तिला लाज वाटली. त्यांना सगळं ठाऊक होतं तर. कदाचित सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्या वाक्याचं खोटेपण, आणि तरी तिचं मन राखायला सगळी म्हातारी माणसं डोळे मिटून घेत होती. फक्त आजी तेवढ्या विश्वास ठेवायच्या. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण आजींचा लोकांवर विश्वास होता.

आणि हसण्याचा आवाज. पत्रात तेच लिहिलं होतं ना, हसण्याचा. रस्ता ओलांडायला ती उभी होती, दिवा हिरवा झाला, माणसं पुढं गेली, ती तशीच उभी. आजी केव्हा हसायच्या हे जगात आता तिला एकटीलाच माहीत होतं. दुखलं की हसायच्या. गुडघा वाकवून घ्यायचा व्यायाम होता, तो करवून घेताना कळ आली की खुदकन हसू, जास्त कळ आली की मोठ्यानं. पहिल्यांदा तिला वाटलं होतं, म्हातारीला गुदगुल्या होतात. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी आलेलं दिसलं. "अहो, ओरडा की दुखलं तर." "ओरडायची सवय नाही गं मला. लहानपणी ओरडलं की मार बसायचा, मग हसायचे." त्या दिवशी संध्याकाळच्या सेविकेला त्या न्हाणीघराच्या उंबऱ्यात सापडल्या. खुबा मोडलेला. डॉक्टर म्हणाले, एकच्या सुमारास हृदय थांबलं असावं. म्हणजे ती जिना उतरल्यावर लगेच पडल्या असतील तर साडेबारापर्यंत जवळजवळ दोन तास. दोन तास हसत. गळ्यात बटण होतं, दाबलं की आधी मुलीचा फोन वाजणार, मग केंद्राचा, आणि दहा मिनिटांत माणूस हजर. हात मोकळे होते. बटण दाबलेलंच नव्हतं. का दाबलं नाही, यावर केंद्रात बराच खल झाला होता. विसरल्या असतील, घाबरल्या असतील, वय झालं होतं. ती त्या चर्चेत मान खाली घालून बसली होती आणि कोणी तिला विचारलं नव्हतं, कारण तिच्या कार्डावर अकरा वाजले होते. बटण कशाला दाबायचं? घरात माणूस होतं की. स्वयंपाकघरात काम करत होतं, रेडिओ ऐकत. येईलच आता.

चालता चालता ती स्वतःशीच भांडू लागली. ही वाढ तीन महिने आधी झाली असती तर? तर अकरापर्यंत थांबले असते, देवाशप्पथ थांबले असते. आजी पडल्या असत्या तरी उचललं असतं. मग दोष माझा की त्या दोन रकान्यांच्या कार्डाचा? समितीतल्या त्या माणसानं चष्मा पुसला म्हणे. आता पुसून काय उपयोग, तेव्हा कुठं होतास बाबा? असं तिनं त्याला मनातल्या मनात चांगलं फैलावर घेतलं, आणि तेवढी दहा-पंधरा पावलं तिला फार बरं वाटलं. राग खराच होता, आणि बरोबरही होता. पण राग संपला तरी तो जिना होताच, आणि त्या जिन्यावरून दोन दोन पायऱ्या सोडत उतरणारे तिचे पाय. उतरताना आपण गुणगुणत होतो, हेही आठवलं. पळून जावं असं वाटलं. मुलीला सांगायचं, हो, होते मी. छान गप्पा झाल्या. तुमच्याबद्दलच बोलत होत्या. किती सोपं! कोणाचं काही बिघडत नव्हतं. नोकरी राहील, वाढलेला पगार हातात येईल, नवऱ्याच्या पाठीचं दुखणं दाखवता येईल, केंद्रात मान राहील. खरं सांगितलं तर खोटी वेळ लिहिल्याबद्दल त्याच दिवशी घरी बसवतील. दुसऱ्या केंद्रात कोणी उभं करणार नाही. ज्या दिवशी घास तोंडाशी आला त्याच दिवशी आपल्या हातानं तो टाकायचा? छे. ती वेडी नव्हती.

दार मुलीनंच उघडलं. चाळिशीची, आजींचंच कपाळ, केस कसेतरी वर बांधलेले, हाताला धूळ. खोलीत खोकी होती, भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. "या ना ताई, बसा. बसायला तरी काय राहिलंय म्हणा." दोघी पलंगाच्या उघड्या फळीवर बसल्या. ताई म्हटल्यामुळं तिला आणखीच अवघडलं. मुलीनं पाणी दिलं, सरकारी पत्र लिहिल्यासारखं चार वाक्यांत आभार मानले, आणि मग एकदम पत्रातली ती बाई नाहीशी झाली. "एक विचारू? माझ्यावर रागावू नका. त्या दिवशी काय बोलत होती ती? एवढा वेळ?"

"तुमच्याबद्दलच," ती म्हणाली. तोंडातून आपोआप गेलं. आहे मी इथंच, तसंच.

मुलीचा चेहरा पांढरा पडला. "काय म्हणाली?"

"काही नाही, आपलं... लहानपणीचं."

"आदल्या दिवशीचं काही बोलली का? सांगा, मला चालेल. आमचं भांडण झालं होतं फोनवर. मी म्हणत होते माझ्याकडं ये, ती येईना. मी म्हटलं, एकटीनंच मरायचंय ना, मर मग." मुलगी हाताची धूळ दुसऱ्या हातानं चोळत होती. "आणि दुसऱ्या दिवशी ती पडली, आणि तिनं बटण दाबलं नाही. बटण दाबलं की आधी माझा फोन वाजला असता. तिला तो वाजवायचा नव्हता. मी बोलले तसं करून दाखवलं तिनं. दोन महिने झाले, मी फोन बाजूला ठेवूच शकत नाही. न्हाणीघरातही घेऊन जाते."

खालून कोणाच्या तरी दाराचा आवाज आला, पावलं जिन्यावरून गेली. ती त्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडं बघत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं की आपण जे गिळून बसलोय ते आपल्याच पोटात आहे. ते इथं होतं. हिला खात होतं. आणि हे थांबवू शकेल असं जगात एकच माणूस होतं.

"ताई, त्या रागावल्या नव्हत्या," ती म्हणाली. "त्यांना वाटलं मी घरात आहे."

"म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. रेडिओ, दिवा, कार्डाचे दोन रकाने, पुढच्या घरची वीस मिनिटांची वाट, सगळं. कुठंच थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं. "दहा पस्तीसला मी गेले. त्या पलंगावर बसल्या होत्या, इथं, याच जागी. म्हणाल्या, आज जरा बस गं, तुला एक सांगायचंय. मी म्हटलं, आहे मी इथंच, बोला तुम्ही, मला ऐकू येतंय. आणि दार ओढून घेतलं." हे वाक्य तिनं दोन महिने स्वतःलाही आठवू दिलं नव्हतं. "त्या मला सांगत होत्या. साडेबारापर्यंत. मी नव्हते."

मुलगी तळहातानं फळी चाचपत राहिली. मग म्हणाली, "काय सांगायचं होतं?"

"माहीत नाही."

"काहीच अंदाज नाही?"

"नाही."

"सांगितलं असेल तिनं. पूर्ण सांगितलं असेल." मुलीनं तोंडावर ओंजळ धरली, आणि ओंजळीतून जो आवाज आला तो रडण्याचा की सुटका झाल्याचा हे तिला कळेना. दोन्हींचा असावा. "म्हणजे माझ्यावर रुसून नाही केलं तिनं."

"नाही."

"आणि तिला एकटं वाटलं नसेल. हसत होती ना. खालच्या बाई म्हणाल्या, छान हसत होती."

आता तिला फक्त तोंड उघडायचं होतं. तिनं पाण्याच्या पेल्याकडं पाहिलं. आजींचा गुडघा, तिच्या दोन्ही तळव्यांमध्ये धरलेला, हलका, गरम. "हो," ती म्हणाली. "छान हसायच्या आजी." एवढं तिनं स्वतःकडं ठेवून घेतलं. ते तिला जन्मभर पुरणार होतं.

मग तिनं पर्समधल्या वहीचं पान फाडलं, आल्याची वेळ दहा लिहिली, गेल्याची दहा पस्तीस, तारीख घातली, सही केली, आणि मुलीच्या मांडीवर ठेवलं. "केंद्रात द्यायचं तर द्या. मी नाही म्हणणार नाही." मुलीनं कागद वाचला. फाडला नाही. चार घड्या घालून आपल्या खिशात ठेवला. तिला धस्स झालं, खोटं कशाला सांगा, कारण मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात तिला वाटलं होतं की ही फाडेल. ती उठली. पदर सावरला, चपला शोधल्या, आणि दारात वळून रीतीप्रमाणं म्हणाली, "येते."

"नाही," मुलगी म्हणाली. ती पलंगाच्या फळीवर आईच्याच जागी बसली होती आणि तिच्या आवाजात राग नव्हता. "येते म्हणू नका. जाते म्हणा. मला ऐकू येईल असं म्हणा."

अकरा वर्षांत हा शब्द तिनं कुठल्याच उंबऱ्यावर उच्चारला नव्हता. पहिल्यांदा नुसता श्वास बाहेर आला. मुलगी वाट बघत राहिली.

"जाते," ती म्हणाली, आणि गेली.